धोतराला जोडलेलं निळं बाटिक

यवतच्या नणंदेची मुलगी, माझी भाची, पहिल्या खेपेला सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती आणि मूल हाती लागलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला माहेरी जाताना ती वाटेत शिरूरला माझ्याकडे थांबली. पिशवीतून तिनं स्वतःचा गर्द निळा बाटिकचा ड्रेस आणि वारलेल्या वडिलांचं धोतर काढलं.

"मामी, ह्या दोन्हीची गोधडी शिवा. आईला मात्र सांगू नका."

बाळ यायच्या आधी त्याचं काही शिवू नये, असं आमच्याकडे मानतात. मीही मानते. तसं म्हटल्यावर ती शांतपणे बोलली, "मागल्या वेळी काहीच शिवलं नव्हतं की."

मी ड्रेस आणि धोतर ठेवून घेतलं.

गोधड्या मी कायम शिवते, पण बाटिक कधी जोडलं नव्हतं. ओल्या पांढऱ्या चिंधीनं घासून पाहिलं तर चिंधी निळी झाली. धोतराला हा रंग लागला तर? तसलं दुसरं धोतर आणायचं कुठून? ड्रेस उसवून मिठाच्या पाण्यात भिजवला, धुतला, परत भिजवला. बादलीतलं पाणी निळं दिसलं की ते ओतून नवं घ्यायचे. अखेर चिंधी कोरी निघाली. बाटिकचं कापड घट्ट विणीचं, त्यात सुई अडायची. धोतर इतकं विरलेलं, की दोरा जरा ओढला की फाटेल असं वाटायचं. म्हणून मध्ये धोतर दुहेरी घेतलं, बाटिकच्या पट्ट्या कडेनं लावल्या आणि टाके सैल ठेवले. शेजारीण आली की सगळं गादीखाली सरकवायचे. मनात एकच यायचं, आपण काही वाईट ओढवून तर घेत नाही ना?

आठव्या महिन्यात एका दुपारी भाचीचा फोन आला. "मामी, सकाळपासून बाळ हललं न्हाई. दौंडला नेतायत."

गोधडीची एक कड राहिली होती. ती तशी अपुरी घरात ठेवून जायचं भय वाटलं, म्हणून सुया-दोऱ्यासकट पिशवीत कोंबली आणि एसटी धरली. सबंध वाटेत मी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

दवाखान्यात भाचीला आत नेलं होतं. नणंद बाकावर एकटी बसली होती. मी पिशवी पायामागं ढकलली, पण धोतराचं टोक बाहेर आलं होतं. तिनं ते ओढून पाहिलं आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. आता ती मला बोल लावणार, असं वाटलं.

"हे ह्यांचं हाय," ती म्हणाली.

"व्हय, वन्सं."

बराच वेळ तिनं त्यावरून हात फिरवला. मग सुई शोधून दोरा ओवायला लागली. तिला ओवता येईना. मी ओवून दिला. राहिलेली कड आम्ही दोघींनी दोन्हीकडून घातली. आतलं दार वाजलं की दोघींच्या सुया थांबायच्या.

सिझर झालं. मुलगी झाली, अगदी लहान, रडलीही उशिरा. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. बाहेरचं कापड आत चालणार नव्हतं. ती घरी येईपर्यंत गोधडी नणंदेनं स्वतःच्या अंगावर घेतली.

आता पोरगी रांगते. तरी भाची झोपेतून उठून तिच्या नाकाशी बोट धरते, आणि त्यांच्याकडे मुक्कामी असले की मीही धरते.