वंदनाच्या खोक्यातले पार्ट

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. मित्रांबरोबर बसलो की बाकी सगळं ओकून टाकतो, पण हे — हे तोंडाशी येतं आणि परत खाली जातं. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. मलाही नीट माहीत नाही.

अकोल्यात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. विक्री आणि दुरुस्ती, सगळ्या कंपन्यांची. मी माणूस वाईट नाही असं इथले लोक सांगतील. जाणकार आहे असंही सांगतील, आणि त्याचीच तर गंमत आहे — पण ते पुढे.

वंदना अमरावतीला पॉलिटेक्निकमध्ये माझ्या वर्गात होती. माझी प्रॅक्टिकल्स तिच्या जिवावर निघाली. नंतर तिने अकोल्यात एका लॅपटॉप कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर घेतलं, मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात. तिची एक सवय होती. लॅपटॉप गिऱ्हाइकाच्या समोर उघडायचा आणि काढलेला खराब पार्ट त्याच्या हातात द्यायचा. हे घ्या, हा गेला होता. बस, एवढंच.

आणि मी? मी मशीन आत नेतो, पडद्यामागे. कधी पार्ट बदलतो, कधी तोच पुसून बसवतो आणि बदलल्याचे पैसे घेतो. सगळेच करतात — असं मी स्वतःला सांगायचो. मग एक दिवस बार्शीटाकळीचे एक सर दुकानात आले आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "ते बाई जुना पार्ट हातात देते. तुमी काहून देत नाही?" सहज विचारलं त्यांनी. मला मात्र भरचौकात कुणी अंगातला शर्ट उतरवल्यासारखं झालं.

तिची ती कंपनी विकली जाणार, अशी कुजबुज तेव्हा आम्हा दुकानदारांत होती. खरी की खोटी, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सरांना म्हणालो, कंपनी विकली जातेय, पार्ट बंद होणार, वॉरंटी बुडाली समजा. विक्रीचं मी ऐकलं होतं. पुढचं — पुढचं मी तिथेच, उभ्या उभ्या जोडलं. का? तिच्यावर राग होता? नाही हो. मला तिच्यासारखं सरळ काम करायचं नव्हतं, आणि ती करते तेही बघवत नव्हतं.

मग आणखी दोघा-तिघांना सांगितलं, आवाज खाली घेऊन. खाली घेतलेल्या आवाजावर लोकांचा फार विश्वास. काही दिवसांनी अमरावतीच्या एका दुकानदाराचा फोन आला — ऐकलं का, पार्ट बंद, वॉरंटी बुडाली. माझीच वाक्यं. मी म्हणालो, हो, मलाही कळलंय.

वंदनाकडे आधी झुंबड उडाली. सगळ्यांना वॉरंटीतली कामं आजच्या आज हवी होती. मग कुणीच येईना. तिने कंपनीला फोन केले. तिथले लोक हो म्हणेनात, नाही म्हणेनात. तिला खोटं बोलणं जमत नसे. गिऱ्हाइकाने विचारलं की सांगायची, मलाही नक्की माहीत नाही. झालं, लोकांना तेवढंच पुरे होतं. तिने दारावर पाटी लावली — सर्व्हिस चालू आहे. ती पाटी बघून उरलेसुरलेही घाबरले. एका पतसंस्थेच्या कॉम्प्युटरांची देखभाल तिच्याकडे होती, ते काम काढून त्यांनी मला दिलं. मी घेतलं.

सेंटर बंद केलं त्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. स्कूटीवर पुढ्यात एक खोकं, त्यात तिने स्वतः घेऊन ठेवलेले पार्ट. "तुह्या कामी येतीन," म्हणाली. मग खोकं काउंटरवर ठेवत, "अवि, हे कोनं उठवलं असंन रे? तुले काही मालूम?" मी तिच्या डोळ्यांत बघून — हो, बघून — म्हणालो, "बजारात काय, कोनीबी काही बोलते." तिने मान हलवली. माझ्यावर तिचा संशय नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. चहाही न घेता ती गेली. आईला घेऊन अमरावतीला, दुसऱ्याच्या काउंटरवर नोकरीला.

पुढे ती कंपनी खरंच विकली गेली. आणि झालं काय? काहीच नाही. पार्ट येत राहिले, वॉरंटी राहिली, त्यांचं अमरावतीचं सेंटर आजही चालू आहे. बंद पडलं ते फक्त अकोल्याचं. पण लोक म्हणतात, अविनाशभाऊंना आधीच कळलं होतं. लॅपटॉप घेण्याआधी मला विचारायला येतात. माझं नाव झालं ते यावर. लाज वाटते का? वाटते. आणि तरी सल्ला देतो.

त्या कंपनीचा लॅपटॉप बिघडला की अमरावतीला कोण जाणार, म्हणून माणसं माझ्याकडे येतात. मी वंदनाच्या खोक्यातून पार्ट काढतो आणि पूर्ण भाव लावतो. आज सकाळीच एका बाईंचा कीबोर्ड बदलला. मशीन पडद्यामागे नेलं. काढलेला कीबोर्ड तिथेच टाकला. त्यांनी मागितला नाही, मी दिला नाही.