माधुरीचा फोटो उघडेना

आमच्या मराठी मंडळाच्या वेबसाइटचे किस्से निघाले की चहा हमखास गार होतो. आणि खरं सांगतो, त्यातले निम्मे मला स्वतःलाच अजून समजलेले नाहीत!

भोपाळच्या टाउनशिपमधलं आमचं मंडळ. मला टायपिंग येतं, एवढ्यावरून वधू-वर पान माझ्या गळ्यात मारलं. शेजारच्या कमलवहिनींचा जीव त्या पानात अडकलेला. त्यांच्या माधुरीची दोन स्थळं फोटो उघडेना म्हणून गेली होती.

*

फोटो स्कॅन करायचे बोकील नाना, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेले. मशीनला झेपेल तेवढी मोठी फाइल! पान उघडायला लावून माणसं आंघोळ उरकून येत.

"नाना, जरा लहान करा ना!"

"अरे, एक रेघ उडाली तर पार्ट बसत नाही!"

"नाना, या मुली आहेत!"

"मग तर जास्तच जपायला हवं!"

मी घरी आलो.

*

मग मीच माउसने कोपरा धरून सगळे फोटो तिकिटाएवढे केले. तरी पान रखडलेलंच! जवळच्या मंडीदीपचा एक इंजिनियर म्हणाला, "काका, तुम्ही फक्त दिसणं लहान केलंत. फाइल तेवढीच आहे."

मला ओ का ठो कळलं नाही. पण मान जोरात हलवली.

*

त्यानेच फाइल कम्प्रेस करायचं सॉफ्टवेअर दिलं. मी बटण शेवटपर्यंत ओढलं. पान फटकन उघडलं! पण चेहऱ्यांचे नुसते चौकोन. भोपाळातल्याच कोटऱ्याहून एका मुलीचे वडील तावातावाने आले. "भाईसाहब, यातली माझी मुलगी कुठली?"

दोघांनी मिळून शोधली. नाही सापडली.

कमिटीने तातडीने ठराव केला, फोटो होते तसे करा. कमलवहिनी रडकुंडीला आल्या, कारण त्याच रविवारी नागपूरचे लोक माधुरीचा फोटो बघणार होते. मला फार अपराधी वाटलं.

*

रविवार गेला. सोमवार, मंगळवार, काही निरोप नाही. गुरुवारी सकाळी मी वहिनींची माफी मागायला गेलो, तर मागोमाग दारात एक तरुण उभा. हातात बॅग, हबीबगंज स्टेशनला उतरून थेट आलेला. नागपूरचाच मुलगा!

"अहो, निदान फोन तरी करायचा!" वहिनी गडबडल्या.

तो खाली बघत म्हणाला, "काकू, फोटो वरून हळूहळू उघडत होता. डोळ्यांपर्यंत आला आणि अडकला. तीन दिवस वाट बघितली, मग गाडीत बसलो."

साखरपुड्याच्या दिवशी वहिनींनी मला बाजूला घेतलं.

"भाऊजी, आता धाकटीचा फोटो देते. तोही डोळ्यांपर्यंतच उघडू दे!"