न घेतलेलं भाडं

जुळे सोलापुरात आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर संघपाल राहतो आणि दुसऱ्यावर मी. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो सहायक आहे. अकरा वर्षं नोकरी झाल्यावर त्याने जुनी का होईना, गाडी घेतली. तिचा विमा त्याने एक दिवसही संपू दिला नाही.

त्या मार्चमध्ये भर दुपारी, आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या नागूबाई जिन्यातच बसून रडू लागल्या. त्यांची लेक शिवलीला मोहोळला होती, दिवस भरलेले. रक्तदाब वाढला म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सोलापूरला न्यायला सांगितलं होतं आणि अॅम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली. संघपाल रजेवर घरीच होता. "चला मावशी," म्हणत तो किल्ली घेऊन खाली उतरला.

शिवलीलाला घेऊन परतताना हायवेवर उलट्या बाजूने एक टेम्पो आला. त्याला चुकवताना गाडी दुभाजकावर आदळली. टेम्पो पसार झाला. संघपालचं मनगट मोडलं. मागून येणाऱ्या जीपवाल्याने शिवलीलाला दवाखान्यात पोचवलं आणि संध्याकाळी तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप. गाडीचा पार चेंदामेंदा झाला होता. "विमा आहे की," आम्ही सगळेच म्हणालो.

दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. दावा नामंजूर. कारण, खासगी गाडी भाड्याने वापरली. सोबत नागूबाईंचा जबाब आणि त्याखाली त्यांचा अंगठा.

संघपालने त्यांना माझ्यासमोरच विचारलं, "मावशी, मी पैसे घेतले तुमच्याकडून?"

"न्हाय की."

"मग हे काय?"

नागूबाईंनी पदर तोंडाला लावला. "कंपनीचा मानूस घरी आलता. म्हनला, गाडीवाल्यानं फुकट आनलं का? गल्लीतल्या समद्या बाया ऐकत हुत्या. आमी काय फुकटे हाय का? म्हनलं, दिलं की हजार रुपये. त्यानं तुमचं वाटोळं हुईल, हे मला काय ठावं, दादा?"

विमा एजंट "होऊन जाईल, वरती बोललोय" म्हणत राहिला. कंपनीच्या तक्रार कक्षाने जुनंच उत्तर नव्या तारखेने पाठवलं. असे चौदा महिने गेल्यावर संघपाल विजयमाला वकिलांकडे गेला.

"आधी का नाही आलात?" त्या म्हणाल्या. "विमा लोकपालाकडे फी नाही, वकीलही लागत नाही. पण कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. आता ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांची मुदत असते." मग कागद चाळून त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक सोपा रस्ता आहे. भाडं घेतलं असं मान्य करा. अट मोडली तरी पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत भरपाई दिल्याचे निकाल आहेत. तडजोड लवकर होईल."

"घेतलंच नाही तर मान्य कसं करू?"

"मग नागूबाईंना आयोगापुढे खरं सांगायला लावा. शपथपत्र करू."

नागूबाई तयार झाल्या होत्या. पण सासूने जबाब फिरवला तर पोलीस केस होईल, असं जावयाच्या कानावर कुणीतरी घातलं. ठरल्या दिवशी त्या आल्याच नाहीत. पुढच्या महिन्यापासून त्यांनी आमच्या इमारतीतलं कामही सोडलं. संघपालची बायको धम्मप्रिया बाजारात एकदा त्यांच्यासमोर आली, तर त्या मान खाली घालून दुसऱ्या गल्लीत शिरल्या.

तीन वर्षं तारखा पडल्या. संघपाल प्रत्येक तारखेला गेला. कधी कंपनीचा वकील नसे, कधी सदस्याची जागा रिकामी असे. शेवटी निकाल लागला. तक्रारदाराने भाडे घेतल्याचे दिसते. तरीही अपघाताशी त्याचा संबंध नसल्याने पंच्याहत्तर टक्के रक्कम द्यावी.

"अपील करता येईल," विजयमाला म्हणाल्या. "राज्य आयोगाकडे, पंचेचाळीस दिवसांत."

"पुरे झालं आता," धम्मप्रिया म्हणाली. संघपालने अपील केलं नाही. नाकारलेली तडजोडच त्याला मिळाली होती, तीन वर्षं उशिरा. शिवाय अडलेल्या बाईकडून त्याने पैसे घेतले, हे आता सरकारी कागदावर कायमचं लिहिलं गेलं होतं. भरपाईच्या पैशांत त्याने पुन्हा एक जुनी गाडी घेतली.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली. मी धावत खाली गेलो. संघपाल गाडीच पुसत होता. माझं ऐकलं आणि त्याचा हात थांबला.

"मी अॅम्ब्युलन्स बोलावतो," तो म्हणाला.

"अरे, गाडी आहे ना समोर!"

त्याने फोन लावला, पत्ता सांगितला, वडिलांना माझ्यासोबत खाली आणलं, खुर्चीत बसवलं आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांचा हात धरून उभा राहिला. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

वडील वाचले. त्याला दोष द्यायला माझी जीभ अजून उचलत नाही. आभार मानायलाही नाही.