मान हातात असताना

एका माणसाची मान दोन्ही हातांत धरून मी त्याला विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का तुम्हाला?"

ही चूक मी ब्लँचर्डस्टाउन नावाच्या उपनगरातल्या माझ्या क्लिनिकमध्ये, भर दुपारी, रीतसर प्रशिक्षण घेऊन केली. न घेता केली असती तर निदान अडाणीपणावर ढकलता आली असती.

मी कायरोप्रॅक्टर आहे. म्हणजे लोकांचे मणके दाबतो, वळवतो, कडकन आवाज काढतो आणि त्यांना बरं वाटतं. वडील पुण्यात सगळ्यांना सांगायचे, "मुलगा परदेशात जाऊन हाडवैद्य झाला," आणि समोरचा हसेपर्यंत थांबायचे.

२०२१च्या उन्हाळ्याच्या तोंडावर आम्हा मणकेवाल्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण निघालं. आत्महत्येच्या विचारात असलेला पेशंट ओळखायचा कसा आणि त्याच्याशी बोलायचं काय. पाठदुखीवाला माणूस इतर कुणाला सांगत नाही ते आम्हाला सांगतो, कारण पालथं पडल्यावर तोंड कुणाला दिसत नाही. शिकवणारी बाई कासलबारची, मनोरुग्णांच्या वॉर्डातून निवृत्त झालेली नर्स. हातात चहाचा मग, चेहऱ्यावर दया अजिबात नाही.

सरावात मी, पेशंट झालेल्या एका सहकाऱ्याला विचारलं, "म्हणजे कधी... मनात... तसलं काही?"

"तसलं म्हणजे कसलं?" तो म्हणाला. कॉर्क गावचा होता, मजा घेत होता.

"शब्द उच्चार," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडून लागण नाही व्हायची त्याला. आणि एकदा विचारलंस की तोंड बंद ठेव. हे दुसरं तुला जास्त जड जाणार असं दिसतंय."

स्क्रीनवरच्या सगळ्या चौकोनांत दात दिसले.

इंग्रजीत जमलं हळूहळू. मराठीत अडलं. आमच्या घरी दिवेलागणीला कुणी नुसतं "मरू दे ते" म्हटलं तरी आई पाठीत धपाटा घालायची, वास्तू तथास्तु म्हणते म्हणून. म्हणून मी बाथरूममध्ये आरशासमोर तालीम करायला लागलो. बाहेरून मुलीनं ऐकलं. "बाबा, आर यू ग्रँड?" म्हणाली, म्हणजे इकडच्या बोलीत 'ठीक आहेस ना?', आणि उत्तराची वाट न बघता आईला बोलवायला पळाली. मी बंद दारातून सगळा खुलासा केला.

"मग खोलीत जाऊन करा," बायको म्हणाली. "आमच्या अंघोळी व्हायच्यात."

तो पेशंट शहराच्या दुसऱ्या कडेच्या सिटीवेस्टहून यायचा. मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. वर्षभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मान आखडली होती. मराठीत दुखणं सांगता येतं म्हणून एवढ्या लांब येतो, असं म्हणायचा. माझ्या हाताला गुण आहे, असा अर्थ मी लावून घेतला होता. एप्रिलमध्ये तिकडे त्याचे वडील कोविडनं गेले. जाता आलं नाही. अंत्यसंस्कार फोनवर बघितले, मध्येच नेटवर्क गेलं. हे त्यानं मला पालथं पडून सांगितलं होतं, आणि मी म्हणालो होतो, "खांदे सैल सोडा."

त्या दुपारी तो उताणा होता. मान वळवायच्या तयारीत मी दोन्ही हात लावले, तेवढ्यात छताकडे बघत तो म्हणाला, "आता हे सगळं थांबावं एवढंच वाटतं. माझ्यावाचून कुणाचं काही अडायचं नाही."

बाईंनी धोक्याची खूण म्हणून शिकवलेलं वाक्य! मला आनंद झाला हो. पाठ केलेला प्रश्न पेपरात यावा तसा. हात काढायचं सुचलंच नाही. विचारून मोकळा झालो.

हातातली मान दगडासारखी झाली.

"आधी सोडा," तो म्हणाला.

सोडली. तो उठला, जॅकेट घातलं, मास्क चढवला आणि निघून गेला. अशा माणसाला एकटं सोडायचं नाही, हे बाईंनी बजावलं होतं. ते मला त्याच्या गाडीचे दिवे लागल्यावर आठवलं. पावसात धावलो, काचेवर टकटक केली. काच बोटभर खाली आली. मी दोन्ही तळवे वर करून दाखवले, पोलिसांनी पकडल्यासारखे.

"खरं सांगा. आत्महत्येचा विचार करताय?"

"हो."

आता गप्प बसायचं होतं. मी बोललो. "अहो, असं काय करता! इतकं छान चाललंय तुमचं. स्वतःचं घर, चांगली नोकरी, बायको..."

काच वर गेली.

इंजिन चालूच होतं. मी गाडीपुढे जाऊन बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो. शौर्य वगैरे काही नाही, दुसरं काही येत नव्हतं. तो हॉर्न वाजवत राहिला. मी भिजत राहिलो. शेवटी त्यानं इंजिन बंद केलं आणि शेजारचं दार ढकललं.

"बसा आत. लोक बघतायत."

बसलो. तो बोलायला लागला. आधी वडिलांबद्दल, मग आपण काय ठरवलंय त्याबद्दल. ते मी इथे लिहिणार नाही. नुसतं ऐकत बसणं इतकं कठीण असतं हे मला माहीत नव्हतं. मग त्याच्याच फोनवरून त्याच्या बायकोला कळवलं, त्याच्या गाडीची किल्ली माझ्या खिशात टाकली आणि माझ्या गाडीतून त्याला हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं.

कोविडच्या नियमांमुळे मला दारातच थांबवलं. नर्स त्याला आत घेऊन गेली. मानसोपचाराचे डॉक्टर आज बघतील, एकटा सोडणार नाही, म्हणाली. मी ओल्या कपड्यांत बाहेर उभा. थोड्या वेळानं टॅक्सीतून त्याची बायको उतरली. मी पुढे झालो. तो सुखरूप आहे हे सांगितलं, आणि मग मी कसं ओळखलं, कसा धावलो, हेही सांगितलं. मानेचा भाग गाळला. मग थांबलो. आभार मानायला तिला जागा दिली म्हणा. "छे हो, कर्तव्यच होतं माझं" हे वाक्य तोंडात तयार होतं.

तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"वडील गेल्यापासून मी रोज त्याला डॉक्टरकडे जा, डॉक्टरकडे जा म्हणतेय," ती म्हणाली. "आणि तो तुमच्याकडे येत होता."