बांगडीतून येणारा दोरा

अकोल्याला मावशीकडे शिलाई मशीन खिडकीशी आहे. खिडकीच्या गजाला सुतळीने एक हिरवी काचेची बांगडी टांगलेली असते. मशीनमागच्या स्टुलावर, स्टीलच्या डब्यात, दोऱ्याचा मोठा कोन उभा असतो. त्याच्यावरून दोरा सुटतो, सरळ वर जातो, बांगडीतून वळतो आणि मशीनकडे उतरतो. दुपारच्या उन्हात तो दोरा मधूनच चमकतो, मधूनच दिसेनासा होतो. मग वाटतं, मशीन हवेतूनच काहीतरी ओढून घेतंय.

गोधडीला इतका दोरा लागतो की साधं रीळ दोन ओळींत संपतं, म्हणून हा कोन. मागच्या उन्हाळ्यात, पहिल्याच दिवशी, मी तो आडवा ठेवला होता.

"आडवा नको ठेवू, लोळते तो," मावशी म्हणाली. "उभा असला का दोरा आपल्या मनानं उठते."

ताई बाळंतपणाला आमच्याकडे अमरावतीला आली होती. आईने आपली एक मलमलची साडी बाळाच्या गोधडीसाठी मावशीकडे द्यायला माझ्याजवळ दिली. ताई जन्मली तेव्हा तिला याच साडीत गुंडाळलं होतं. आई एवढंच म्हणाली, "बाळाला टोचणार नाही." बसमध्ये मी साडी मांडीवर ठेवली होती. धुऊन धुऊन ती इतकी विरली होती की तिच्या घडीतून माझा हात दिसायचा.

सकाळी मशीन छान चाललं. मी गोधडीचा भार दोन्ही हातांवर तोलून धरत होते आणि बांगडीकडे बघत होते. जेवणानंतर मात्र दोरा तुटला. मावशीने चार बोटं शिवण उसवली, पुन्हा टाके घातले. थोड्या वेळाने परत तुटला. या वेळी उसवताना साडी काठाजवळ नखाएवढी फाटली.

मावशीने चष्मा काढला. "काहून तुटून राहिला हा?" तिने सुई बदलली, ताण सैल केला, मशीनला तेल दिलं. मग साडीवरून हात फिरवत म्हणाली, "आता एकडाव तुटला ना, तर ही साडी काढून टाकतो मी. बाजारातून नवं कापड आणू. तुह्या आईले सांगजो, नाही टिकली म्हणून."

मी गोधडीची कड सरळ केली.

खरं तर मला कारण दिसलं होतं. जेवण झाल्यावर काका दिवाणावर आडवे झाले होते आणि झोपण्याआधी त्यांनी कूलरचं तोंड आपल्याकडे वळवलं होतं. दिवाण मशीनच्या पलीकडे. वारा मशीनमागून जायचा, वर जाणारा दोरा झुलायचा, त्याचा एखादा वेढा सैल पडून कोनाच्या बुडाखाली अडकायचा. पुढच्याच टाक्याला ताण बसून दोरा तुटायचा. पण हे सांगायचं म्हणजे काकांच्या झोपेला दोष द्यायचा. शाळेत मी इंग्रजीत कमी बोलायचे आणि घरी मराठीतही. वाक्य मनात नीट लावेपर्यंत दुसरे लोक पुढच्या विषयावर गेलेले असायचे.

मावशीने मशीन सुरू केलं. बांगडीखाली दोरा पुन्हा झुलायला लागला. मी गोधडीचा भार खुर्चीवर ठेवला, उठले आणि कूलर नि स्टूल यांच्यामध्ये, कूलरकडे पाठ करून उभी राहिले.

"सावली काहून पाडून राहिली?"

"काकांचा वारा लागतो," मी म्हणाले. "दोऱ्याला."

मावशीने पाय थांबवले. तिने कूलरकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, मग माझ्यासमोरच्या स्थिर दोऱ्याकडे. ती आवाज न करता हसायला लागली.

"कधीपासून मालूम होतं तुले?"

"पहिल्यांदा तुटला तेव्हापासून."

"अन् आता सांगून राहिली? साडी फाटल्यावर? बापा, काय पोरगी आहे."

"कूलर वळवू का?"

"नको. गरम झालं का उठून बसतीन अन् चहा मांगतीन. झोपू दे त्याईले. तू उभी राय."

मी उभी राहिले. पाठीमागून कूलरच्या वाळ्याचा ओला वास येत होता, समोर दोरा कोनावरून वेढ्यावेढ्याने सुटत होता, जणू कोणी न दिसणारं माणूस त्याला हळूच उचलून देतंय. काका घोरत होते. एक ओळ झाली, दुसरी झाली. पाय अवघडले, पण बांगडी जरासुद्धा हलत नव्हती आणि मला हलावंसं वाटत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. उन्हाची पट्टी मशीनवरून सरकून जमिनीवर आली होती.

शेवटच्या कोपऱ्यावर मावशीने दोरा दाताने तोडला. फाटल्या जागी तिने त्याच साडीच्या पदरातला चौकोनी तुकडा लावला होता.

"आईनं विचारलं हे काय, तर काय सांगशीन?" तिने गोधडी माझ्या हातात देत विचारलं.

"मी उशिरा बोलले," मी म्हणाले.

अमरावतीला आईने तो तुकडा बोटाने चाचपला आणि काही न विचारता गोधडी ताईच्या उशाशी ठेवली. मग मीच सांगायला सुरुवात केली.