अर्ध्या वाटेवरची सहल

या घराची उन्हाळ्यातली सहल म्हणजे निम्म्या वाटेवरून माघारी फिरणं, अशी नातेवाइकांत चेष्टाच होऊन बसली होती. एका वर्षी विहिरीवरची मोटर जळाली, एका वर्षी पीक खळ्यावर उघडं असताना ढग आले. घरधनी गाडीत बसला तरी त्याचा जीव गोठ्यात टांगलेला. मुलींनी समुद्र पाहिला तो कॅलेंडरवर. यंदा थोरली शिकायला वसतिगृहात जाणार होती. पुन्हा चौघं एकत्र कधी निघणार, कोण जाणे! म्हणून मुलींच्या आईनं मनाशी खूणगाठ बांधली होती: या खेपेला पोचायचंच.

रस्त्याकडेच्या खाणावळीत नवरा हात धुवायला गेला आणि टेबलावर त्याचा फोन वाजला. तिचा स्वतःचा फोन मुलींनी गाणी ऐकून केव्हाच बंद पाडला होता. तिनं त्याचाच उचलला. पलीकडे दीर.

"वहिनी, ठिपकी अडलीय. वासराचा एकच पाय बाहेर दिसतोय."

ठिपकीचे दिवस भरायला अजून आठवडा होता. पहिलारू गाय, आणि तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं ते हिनंच.

"ओढू नका हं भावजी! डॉक्टरांना बोलवा."

"दादाला सांगता ना?"

"सांगते," ती म्हणाली. फोनचा आवाज बंद करून तिनं तो पर्समध्ये टाकला.

गाडी पुन्हा निघाली. मागच्या सीटवर मुली खिदळत होत्या. धाकटीनं पोहायची रबरी ट्यूब आतापासूनच फुगवून गळ्यात घातली होती. मांडीवरची पर्स मधूनमधून थरथरायची. डॉक्टर पोचले असतील, तेच कळवत असतील, अशी ती मनाची समजूत घालायची. पण पर्स उघडायचं धाडस होईना.

"माझा फोन कुठंय गं?"

"माझ्याकडे. गाडी चालवताना कशाला हवाय?"

पर्स पुन्हा थरथरली. मग मात्र तिला राहवेना. "गाडी बाजूला घ्या," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

नवऱ्यानं फोन हिसकावलाच आणि भावाला लावला. दीर जवळजवळ रडत होता. "दादा, नेहमीचे डॉक्टर परगावी गेलेत. दुसऱ्यांचा नंबर तुझ्याचकडे आहे. किती फोन करायचे रे?"

नवऱ्यानं नंबर सांगितला. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी सुरू करून त्यानं ती माघारी वळवायला घेतली.

तेवढ्यात मागून फुस्स असा आवाज आला. धाकटी ट्यूबमधली हवा सोडत होती. रडणं नाही, रुसणं नाही. थोरलीही न सांगता टॉवेलांच्या घड्या घालू लागली. परत फिरायची मुलींना इतकी सवय झाली होती.

नवरा आरशात बघत राहिला. मग त्यानं इंजिन बंद केलं.

शेजारून ट्रक गेला की गाडी हलायची. अखेर फोन वाजला.

"गाय वाचली, दादा. वासरू नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी बोलावलं असतं तर..."

तिनं पदर तोंडात कोंबला. "माझ्यामुळे गेलं ते. मीच मारलं त्याला."

"हो, चुकलंच तुझं," नवरा म्हणाला. तिनं मान खाली घातली. तो पुढे म्हणाला, "पण घरच्या गाईची अडचण बायकोला माझ्यापासून लपवावीशी वाटली, ती का, ते मला ठाऊक आहे. ते पाप माझ्या नावावर."

धाकटीनं भीत भीत विचारलं, "बाबा, घरी कधी पोचू?"

"समुद्र बघून झाल्यावर," तो म्हणाला.

गाडी पुढे निघाली. पुढे नवराबायको रडत होती आणि मागे मुली एकमेकींकडे बघत होत्या.