इंजिनाच्या गळ्यातला हार

मला विजेतलं सगळं कळतं, असा आमच्या घरात एके काळी समज होता. (तो मीच पसरवला होता!)

मिस्ड कॉल मारायचे दिवस होते ते. कोल्हापुरात माझं जळक्या पंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं, म्हणजे नवी तार भरायचं दुकान होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, राधानगरीच्या धरणात पर्यटक फिरवायला एक जुनी मोटारबोट घेतली आणि मी तिच्यात स्क्रीन बसवली. इंजिनाची वायर एका डबीत, डबीतून स्क्रीनवर! इंजिन किती फिरतंय, किती तापलंय, पेट्रोल किती उरलंय, सगळं चालवणाऱ्याच्या समोर आकड्यांत!

बोट पाण्यात सोडायच्या दिवशीच जयसिंगपूरचे पावणे मला बघायला आले. सोबत त्यांची मुलगी, सुनंदा. फोटोतच मला ती पसंत पडली होती. समोर बघून तर माझी बोबडीच वळली.

पावणे म्हणाले, "दुकान काय, कुणीबी घालतंय. पोराच्या हातात कला हाय का, ते बघायचं हाय. चला, फिरवा की आमास्नी!"

आईनं आधी पूजा केली. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा भला मोठा हार थेट बोटीच्या मागं टांगलेल्या इंजिनालाच घातला. घरात नव्यानं आलेलं यंत्र बिनहाराचं चालू करायचं म्हणजे काय!

पाण्याच्या मधोमध गेलो आणि स्क्रीन बोंबलायला लागली. टूं टूं टूं! तापमानाचा आकडा लालभडक!

"काय झालं रं?" आबा सुकाणूवरनं ओरडले.

"काय न्हाय, आबा! स्क्रीनच येडी हाय!"

"जोडली कुणी?"

"...मीच."

पावण्यांनी मिशीवरून हात फिरवला. झालं, गेलं स्थळ! निदान बोंब तरी थांबावी म्हणून मी स्क्रीनची वायर दोन्ही हातांनी उपटली. एकदम शांतता! मी ऐटीत सगळ्यांकडं बघितलं.

"अवो," सुनंदा पहिल्यांदाच बोलली, "मागनं धूर याया लागलाय की!"

आबांनी झटक्यात इंजिन बंद करून वर उचललं. हे इंजिन खालच्या जाळीतून पाणी ओढून स्वतःला गार ठेवतं. त्या जाळीवर आईचा हार घसरून गच्च बसला होता!

"म्हंजे तुमची स्क्रीन खरं बोलत हुती व्हय!" सुनंदा हसली. माझ्या जिवात जीव आला.

हार काढला, इंजिन गार होऊ दिलं, वायर परत जोडली. बोट सुरू केली. आकडा जागेवर! काठाला लागता लागता पावणे उभे राहून असे गरजले, की काठावर उभ्या आईच्या हातातलं पूजेचं ताट हललं.

"जोडणी एक नंबर हाय वो! पोरगा हुशार हाय, फकस्त त्याचं त्यालाच ठावं न्हाय! सोयरीक पक्की!"

काय सांगू, त्या दिवशी धरण मीच बांधलंय अशा थाटात मी काठावर उतरलो! आईनं तिथंच सगळ्यांना साखर वाटली.

आजही घरात काही बिघडलं, की सुनंदा आधी मलाच विचारते. मी "काळजीचं काय न्हाय" म्हटलं, की लगेच मेकॅनिकला फोन लावते!